नकाशा काढला, आणि त्या नकाशामुळेच एक माणूस निघून गेला

धागेदोरे:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

आमच्या भागात सतरा छोटे गट काम करतात. कुणी ज्येष्ठांसाठी धावपळ करतं, कुणी रक्तदात्यांची यादी सांभाळतं. वाचनालयवाले आहेत, झाडांवाले आहेत, विशेष मुलांच्या पालकांचा गट आहे. दोन वर्षांपूर्वी या सगळ्यांची एक समन्वय समिती झाली आणि 'हिला टायपिंग येतं' एवढ्या पात्रतेवर मला निमंत्रक केलं गेलं.

मध्यंतरी पदपथांच्या आराखड्यावर जाहीर सुनावणी झाली. सतरा गटांचे मिळून काही शे सभासद, आणि सुनावणीला आम्ही नऊ जण. तेच नऊ, जे कुठेही बोलवा, हजर असतात. आमच्यातलं कुणीही चाकाची खुर्ची वापरत नाही, कुणाची दृष्टी अधू नाही. ज्यांचं पदपथावाचून रोज अडतं, त्यांच्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं. त्या रात्री डोक्यात आलं, की कोण कुणाला ओळखतं याचा नकाशाच काढावा. मग न येणाऱ्यांपर्यंत कुणामार्फत पोचायचं, ते आपोआप दिसेल.

गूगल फॉर्म केला. ६१ नावांची यादी दिली आणि विचारलं, 'यांपैकी तुम्ही कुणाकुणाला ओळखता?' ३८ जणांनी भरून दिला. गेफी (असे ठिपके-रेषांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) शिकायला दोन रविवार घालवले. शेवटी जे उमटलं त्याला नकाशा म्हणायचं तर कंगव्यात अडकलेल्या केसांनाही म्हणावं लागेल. ६१ ठिपके, ४१२ रेषा, आणि मधोमध सगळ्यांत टपोरा ठिपका माझा. (खरं सांगते, तो पाहून क्षणभर बरंही वाटलं होतं.)

मासिक बैठकीत तो पडद्यावर दाखवला. कुणीही जाळं पाहिलं नाही. प्रत्येकाने आपलं नाव शोधलं. 'अरे, मी एवढाच?' असं हसत हसत म्हणून झालं. आमच्याकडे एक काका आहेत, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या दुरुस्त करून देतात, कित्येक वर्षं. त्यांचा ठिपका अगदी कडेला, एकाच रेषेला लोंबकळत होता. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. फोन केला तर म्हणाले, "माझं काम तसंही कुणाला दिसत नव्हतं. आता तू पुरावाच दिलास."

तेव्हापासून ती फाइल उघडलेली नाही. माझं नेमकं कुठे चुकलं? अशा नकाशाचा लोकांना एकत्र आणायला खरंच उपयोग होतो, की हा रिकामपणचा उद्योग आहे?

आकडेमोड:

ताई, घोळ फॉर्ममध्येच झालाय. गेफीने बिचाऱ्याने तुम्ही दिलं ते काढून दाखवलं.

'ओळखता' म्हणजे काय? चेहरा माहीत आहे? नाव माहीत आहे? अडीअडचणीला रात्री दार वाजवू शकता? प्रत्येकाने आपापला अर्थ लावून टिक केलं असणार. ६१ माणसांत जास्तीत जास्त जोड्या होतात १,८३० (६१ गुणिले ६०, भागिले २). तुमच्या ४१२ म्हणजे साधारण साडेबावीस टक्के. एवढ्या दाट जाळ्यात सगळ्या रेषा एकाच जातीच्या असल्या की गुंताच दिसणार, कुठलंही सॉफ्टवेअर वापरा.

कामावर बोट ठेवणारे प्रश्न विचारा. गेल्या तीन महिन्यांत गटाच्या कामासाठी तुम्ही स्वतःहून कुणाशी बोललात? अडलं की पहिला फोन कुणाला करता? आणि माझा सगळ्यांत आवडता: कुणाबरोबर काम करायची इच्छा आहे, पण अजून योग आला नाही? हे तीन वेगळे नकाशे होतात, एकावर एक चढवू नका. रेषांना बाणही लागतील. मी तुम्हाला विचारतो याचा अर्थ तुम्ही मला विचारता असा होत नाही.

आता त्या काकांचं. २३ जणांनी फॉर्म भरलाच नाही. जो भरतो त्याच्या रेषा दोन्ही बाजूंनी जमतात, त्याने टिक केलेल्या आणि इतरांनी त्याच्या नावापुढे केलेल्या. जो भरत नाही त्याच्या पदरात फक्त इतरांच्या टिका पडतात. म्हणजे जे बोलले नाहीत ते नकाशात आपोआप कडेला ढकलले जातात. काकांनी फॉर्म भरला होता का? शिवाय ६१ नावांची यादी कुणी केली? तुम्हीच ना? मग तुम्ही मधोमध येणार नाही तर कोण येणार! पुढच्या वेळी यादीखाली दहा रिकाम्या ओळी सोडा, लोक स्वतः नावं भरतील.

जाता जाता एक गोष्ट. हे ठिपके-रेषांचं शास्त्र ज्यांनी रूढ केलं ते मोरेनो. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यात हडसन इथल्या मुलींच्या निवासी शाळेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मोरेनोंनी मुलींमधल्या आवडीनिवडींचे नकाशे काढले, आणि पळालेल्या मुली एकमेकींशी कशा जोडलेल्या होत्या ते त्यात दिसलं. मला त्यातली वेगळीच बाब महत्त्वाची वाटते. 'कुणाबरोबर राहायला आवडेल' असं त्यांनी विचारलं आणि त्या उत्तरांवरून मुलींची राहण्याची व्यवस्था खरोखर बदलली. निर्णय बदलणार नसेल तर प्रश्न विचारू नये, असा त्यांचा आग्रह असे. तुमच्या 'ओळखता का'वर कुठला निर्णय टांगलेला होता?

आणि टपोऱ्या ठिपक्याचं मनावर घेऊ नका, दोन्ही अर्थांनी. ठिपक्याचा आकार तुम्ही रेषा मोजून ठरवलाय. एक वेगळं मापही आहे, समाजशास्त्रज्ञ फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडलेलं: इतर दोघांना जोडणाऱ्या सगळ्यांत जवळच्या वाटा किती वेळा तुमच्यावरून जातात. फक्त दोन रेषा असलेला माणूससुद्धा त्यात वरचढ ठरू शकतो, त्या दोन रेषा दोन वेगळ्या वस्त्यांत जात असतील तर. एक प्रयोग करा. स्वतःचा ठिपका खोडा आणि उरलेल्या जाळ्याचे किती तुकडे होतात ते बघा.

धागेदोरे:

नाही भरला. काकांनी फॉर्म भरलाच नव्हता. त्यांना फोनवर असलं काही भरायला जमत नाही, आणि मी 'आठवण: फॉर्म भरा' असे तीन मेसेज टाकून मोकळी झाले होते. एकदा त्यांच्या दुकानात जाऊन बसले असते तर दहा मिनिटांचं काम होतं.

स्वतःला खोडून पाहिलं. काही म्हणता काही तुटलं नाही. ओळख काय, सगळ्यांची सगळ्यांशी आहे. मग वर्षभराची इतिवृत्तं काढली आणि ज्या दोघांनी मिळून प्रत्यक्ष काही केलंय त्यांच्यातच रेषा मारली. ४१२च्या ४७ झाल्या! त्यातल्या १९ रेषांचं एक टोक मी. आता खोडलं, तर अकरा जणांचा एक पुंजका राहिला, बाकी दोन-दोन, तीन-तीन जणांची बेटं, आणि उरलेले नुसते सुटे ठिपके. बघून पोटात गोळा आला. गेल्या पावसाळ्यात मी तीन आठवडे आजारी होते, तेव्हा सगळं ठप्प का झालं होतं ते आज कळलं. तेव्हा मी लोकांना नावं ठेवली होती.

जुनी_वही:

पोरी, संगणक बंद कर आणि मोठा कागद घे.

चेष्टा नाही करत. मी तीस वर्षं लोकांना एकत्र बसवायचं काम केलंय आणि माझा अनुभव असा, की नकाशा एकट्याने घरी बसून काढला की तो शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा वाटतो. म्हणूनच तुझ्या बैठकीत जो तो आपले गुण शोधत होता. तोच सगळ्यांनी मिळून जमिनीवर बसून काढला तर त्याच्या गप्पा होतात.

एव्हा शिफर या संशोधक बाईंनी घानामध्ये, व्हाइट व्होल्टा नदीच्या खोऱ्यातल्या पाणी नियोजनावर काम करताना एक पद्धत बसवली, नेट-मॅप नावाची. साधी आहे. मधोमध एक ठोस प्रश्न लिहायचा. तुझ्या बाबतीत: 'पदपथांचा आराखडा कसा असावा हे कोण कोण ठरवतं?' मग ज्यांची ज्यांची नावं निघतील, माणसं, गट, कार्यालयं, त्यांच्या चिठ्ठ्या कागदावर मांडायच्या. कोण कुणाला काय देतं याचे बाण काढायचे, माहितीला एक रंग, पैशाला दुसरा, हुकमाला तिसरा. आणि शेवटची पायरी खरी गमतीची. प्रत्येक चिठ्ठीवर चकत्या एकावर एक रचायच्या. त्या निकालावर ज्याचं वजन जास्त त्याचा मनोरा उंच. कॅरमच्या सोंगट्या चालतात, बटणंही चालतात.

'याला चार कशाला, दोन पुरे' म्हणून लोक भांडायला लागले की तू बोलायचं थांबायचं आणि लिहायला लागायचं. एकदा आम्ही असाच मनोरा रचत होतो. सगळ्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यावर सोंगट्यांची चळत लावली. एक मुलगा बराच वेळ गप्प होता, तो म्हणाला, "साहेब सही करतात, पण कागद साहेबांच्या टेबलावर कधी जाणार ते आवक-जावकच्या बाई ठरवतात." तोवर त्या बाईंची चिठ्ठीच नव्हती! ती लिहिली, सोंगट्या हलल्या, आणि आमचे पुढचे दोन महिने वाचले.

आता तुझ्या त्या १९ रेषांबद्दल. व्हाल्डिस क्रेब्ज आणि जून हॉली या दोघांनी अमेरिकेत ओहायो राज्याच्या अपालेशियन भागातल्या छोट्या उद्योजकांच्या अनुभवावरून मांडलंय, की अशी जाळी चार टप्प्यांनी वाढतात. आधी विखुरलेले पुंजके. मग कुणीतरी एक जण सगळ्यांना स्वतःशी जोडतो. मग अनेक केंद्रं उभी राहतात. आणि शेवटी घट्ट गाभा, त्याच्याभोवती नव्या माणसांची, नव्या कल्पनांची सैलसर कड. तू दुसऱ्या टप्प्यावर आहेस, एका खांबाचा तंबू. लाज वाटायचं कारण नाही, सुरुवात तशीच होते. पण बरेच तंबू तिथेच राहतात, कारण खांबाला मान आवडायला लागतो.

यापुढे तुझ्याकडे कुणी काही विचारायला आलं की स्वतः उत्तर देऊ नकोस. 'अमक्याला विचारा, मी जोडून देते' म्हण. दोघांना भेटव, हातात एक छोटं काम दे, आठ दिवसांत संपेल असं, आणि तिथून ऊठ. उठणंच जड जातं, आधीच सांगून ठेवतो.

शंकासूर:

सगळे उत्साहात आहेत, म्हणून माझं नाव सार्थ करतो.

पहिली गोष्ट, परवानगी. ज्या २३ जणांनी फॉर्म भरला नाही त्यांनी 'मला यात धरा' असं कधी म्हटलं? तरी ते पडद्यावर आले, कारण दुसऱ्यांनी त्यांच्या नावापुढे टिक केलं. इतर सर्वेक्षणांत उत्तर दिलं नाही की माणूस बाहेर राहतो. इथे तसं होत नाही. नावं काढून आकडे टाकले तरी भागत नाही. सतरा गटांच्या विश्वात 'सगळ्यांशी जोडलेला मधला ठिपका' कोण हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे गोळा करण्याआधीच सांगा: कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कशासाठी वापरणार. व्यक्तींचा नकाशा ज्याचा त्याला, एकट्याला दाखवा. पडद्यावर लावायचाच असेल तर गटांचा लावा, माणसांचा नको.

दुसरी गोष्ट, ही फाइल चुकीच्या हातात गेली तर? समिती मोडायची असेल त्याला आता माहीत आहे की एकाच बाईंना कंटाळा आणला की पुरे. तुम्हीच मोजून ठेवलंय.

तिसरी, रेषेत भांडण दिसत नाही. दोघांनी मिळून काम केलं, रेषा उमटली. नंतर ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते कुठे उमटलं?

आणि सगळ्यांत मोठी शंका. चाकाची खुर्ची वापरणारी माणसं सुनावणीला आली नाहीत हे शोधायला गेफी कशाला हवं? सुनावणी किती वाजता होती? कामाच्या दिवशी भर दुपारी? कितव्या मजल्यावर? लिफ्ट होती? उताराची वाट होती? शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात मतं नुसती विचारून घेण्याची पायरी चौथी आहे, आणि ती त्यांनी देखाव्याच्या गटात टाकली आहे, कारण ऐकलेल्याचं पुढे काही होईल याची हमी नसते. तुमचं जाळं कितीही घट्ट विणा, समोरचा चौथ्या पायरीवरून हलणार नसेल तर तुम्ही फक्त जास्त माणसं घेऊन त्याच पायरीवर उभे राहाल.

धागेदोरे:

शंकासूर, दुसरा मजला. लिफ्ट बंद होती. सकाळी अकरा वाजता, मंगळवारी. तिथे बसून आम्ही पदपथ सर्वांना सुलभ असावेत यावर बोललो. मी स्वतः जिन्याने चढून गेले होते आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आकडेमोड:

शंकासुराचं लिफ्टचं म्हणणं बिनतोड. परवानगीचंही मान्य, मी ते आधीच लिहायला हवं होतं. पण म्हणून नकाशा निकामी ठरत नाही. उलट कडेच्या माणसांकडे बघायला तोच शिकवतो.

समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याने नोकरीची बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, क्वचित भेटणारे २७.८ टक्के. नमुना लहानच होता, ५४ जणांचा, त्यामुळे आकडे डोक्यावर घेऊन नाचू नये. पण कारण पटण्यासारखं आहे. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबून येते.

तर ताई, काका कडेला दिसले याचं कारण तुमचा कागद तिथे संपत होता. त्यांच्या पलीकडे काय आहे ते तुम्ही विचारलंच नाही. जो माणूस वर्षानुवर्षं चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करतोय, त्याच्याकडे खुर्च्या घेऊन कोण येतं?

धागेदोरे (सात आठवड्यांनी):

उशिरा लिहितेय, आधी सांगण्यासारखं काही नव्हतं.

काकांकडे गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी स्पोक बदलता बदलता पाच वाक्यांत बोळवण केली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कागद नेलाच नाही, एका खुर्चीचं चाक धरून बसले. तिसऱ्यांदा माफी मागितली, कागद पसरला आणि आकडेमोडांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. चाळीस मिनिटांत २६ नावं. त्यातली मला माहीत चार. माझ्या ६१ च्या यादीत एकही नव्हतं. कोण कुठल्या मजल्यावर राहतं, कोणाला खाली उतरवायला कोण येतं, कुणाचा मुलगा कुठे काम करतो, सगळं तोंडपाठ. एक बाई गेली चार वर्षं रस्त्यांवरचे अडथळे वहीत टिपून ठेवतायत, तारखांसकट. त्यांची वही मी हातात घेऊन पाहिली. आम्ही नऊ जणांनी सुनावणीत जे सांगितलं ते त्यापुढे अगदीच पोरकट होतं.

सोंगट्यांचा खेळ वाचनालयात मांडला, बारा जण आले. मनोऱ्यांवरून भांडणं झाली, जुनी_वही काकांनी सांगितलेली तशीच. दारावरच्या सुरक्षारक्षकाची चिठ्ठी तिसऱ्या तासाला निघाली. लिफ्टची किल्ली त्याच्याकडे असते.

लोकांना जोडून द्यायचं म्हणाल तर पाच जोड्या केल्या. दोन चालू आहेत. एक तिसऱ्याच दिवशी भांडून मोकळी झाली आणि दोघंही माझ्याकडे तक्रार घेऊन आले, म्हणजे मी पुन्हा मधोमध. उरलेल्या दोन जोड्यांचं काय चाललंय ते मी मुद्दाम विचारलेलं नाही. आठ-दहा वेळा फोन हातात घेऊन ठेवला. उठणं खरंच जड जातं.

पुढची सुनावणी संध्याकाळी आणि तळमजल्यावर घ्यावी असं पत्र दिलंय. त्यावर वहीवाल्या बाईंची सही पहिली आहे, माझी सहावी. उत्तर अजून नाही.

काका ग्रुपमध्ये परतले नाहीत. म्हणाले, "तिथे दिवसभर फुलांचे फोटो येतात. काम असेल तर दुकानात ये." गेफीची फाइल मी उडवली. कागद मात्र त्यांच्याच दुकानात भिंतीला टांगलाय, मागची बाजू वर करून, कारण तीन जणांनी आपलं नाव नको म्हणून सांगितलं आणि काकांनी ती तिन्ही नावं जाड पेनाने खोडली. आता २३ आहेत. आकडेमोड, तुमच्या हिशोबाने डेटा पुन्हा अपुरा झाला.